पंख फुटणारी घोणस

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या, आणि मग चहा घ्या. कारण मधेच हसू फुटून चहा नाकातून आला तर मी जबाबदार नाही. आमच्या सासरवाडीत तर हा विषय निघाला की माणसं उठून बाहेर जाऊन हसून येतात. माझ्या तोंडावर हसत नाहीत, तेवढा जावयाचा मान अजून राखलाय.

मी केजला एका शाळेत भूगोल शिकवतो. आता तुम्ही म्हणाल, भूगोलाच्या मास्तराचा आणि अळीचा काय संबंध? काही संबंध नाही! हीच तर गोम आहे. पण मला एक खोड आहे. कुठलीही वस्तू दिसली की ती खालच्या बाजूनं कशी असते ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. पंखा असो, कासव असो, नाहीतर वरण असो. बायको म्हणते, "तुमी डोंगर बी उलटा करून बघाल एक दिवस."

बायकोचं नाव वंदना. तिचं माहेर धारूरच्या घाटाखाली, छोटंसं गाव. श्रावण संपत आला होता आणि तिच्या भावाच्या, म्हणजे सिद्धूच्या पोरीचं बारसं होतं. आम्ही सकाळीच निघालो. जीपमध्ये बसल्या बसल्या मी मोबाइलवर वाचत होतो. तेव्हा आपल्याकडं उसात एक काटेरी अळी आल्याची लई बोंब होती, आठवतं का? कुणी म्हणे माणूस बेशुद्ध पडतो, कुणी म्हणे मरतोच. मी वाचलं तर तिचं नाव घोणस अळी. घोणस हा साप किती जहाल, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला माहीत. त्याचं नाव एका अळीला! मग तर मला राहवेना. काय ते अंगावरचे काटे, काय तो कोष, वाचता वाचता घाट कधी आला कळलं नाही.

पण हे सगळं वाचलं मनातल्या मनात. कुणाला एका शब्दानं सांगितलं नाही. इथंच माशी शिंकली बघा.

बारसं झालं, नाव ठेवलं, जेवणं झाली. सासूबाईंना मी मामी म्हणतो. त्यांनी स्टीलच्या डब्यात घुगऱ्या भरून दिल्या आणि म्हणाल्या, "जावई, एवढ्या शेजारच्या मळ्यात देऊन येता का? तेवढेच पाय मोकळे होतील." मी गेलो, घुगऱ्या दिल्या, रिकामा डबा घेऊन बांधाबांधानं परत निघालो. एका कडेला सासऱ्यांचा ऊस. आणि उसाची पानं कडेनं अशी कुरतडलेली, की मधला दांडा तेवढा उरलेला!

मी थांबलो. आता मी थांबणार नाही तर कोण थांबणार?

वाकून बघतो तर पानावर बसलेली! बोटाच्या पेराएवढी. रंग पोपटी, कडेला पिवळसर. लिंबाच्या वडीला चारी बाजूंनी काट्याचे झुबके फुटले तर कशी दिसेल, तशी. पाठीवर नक्षी. आणि चालणं? चालणं नाहीच ते! तेल लावलेल्या तव्यावर लोण्याचा गोळा सरकावा तशी सरकत होती. पाय दिसेनात. मी वाचलं होतं खरं की हिला बाकीच्या अळ्यांसारखे ठसठशीत पाय नसतात, पोटाशी चिकटून गोगलगाईसारखी सरकते. पण वाचलेलं निराळं आणि बघितलेलं निराळं, नाही का?

म्हटलं, खालून कशी असेल?

पान हळूच वाकवलं. तेवढ्यात वारा आला, पान उलटलं आणि ती बया माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकली. नुसती टेकली हो! तापलेली इस्त्री ठेवावी तसा चटका. तिथून झिणझिण्या थेट कोपरापर्यंत. डोळ्यातून पाणी. मी बांधावर बसकण मारली.

पण खरं सांगू? दुखण्याच्या मधेच मला आनंदही झाला. काय बघायला मिळालं! मी तेवढं पान तोडलं, तिच्यासकट डब्यात घातलं, झाकण लावलं आणि डाव्या हातानं वंदनाला फोन लावला.

"वंदना! मला घोणस चावली गं!"

तिकडं भांडं पडल्याचा आवाज आला.

"काय चावली?"

"घोणस! आपल्याच उसात. पण तू घाबरू नको. मी तिच्यापाशीच बसलोय."

"पाशी? आवं, उठा तिथून! पळा!"

"कावून पळू? लई सुंदर हाय गं. पाठीवर काय नक्षी! आन् गंमत म्हणजे, पाय न्हाईत तिला. तरी कशी सरकती बघ!"

वंदना काहीच बोलेना. मला वाटलं, ऐकतेय मन लावून. म्हणून मी आणखी रंगात आलो.

"बारकीच हाय अजून. मोठी व्हायची हाय. डब्यात घातलीय मी तिला. घरी नेऊन पाळणार."

"पाळणार?"

"हां! अजून एकदा कात टाकील. मग गोल कोष करून आत बसंल. आन् मग एक दिवस पंख फुटून भुर्र उडून जाईल. बघच तू!"

फोन बंद झाला. मला वाटलं रेंज गेली. तिकडं रेंज नाही, धीर गेला होता, हे मला थोड्या वेळानं कळलं.

बघता बघता गावाकडून धूळ उठली. पुढं सिद्धू काठी घेऊन, त्याच्या मागं बारशाला आलेले सगळे पाहुणे, मधे चार जणांच्या डोक्यावर बाज. मागं वंदना, तिच्या मागं मामी. मी उठून हात हलवला. म्हटलं, अळी बघायला एवढी माणसं? लोकांना विज्ञानाची किती आवड!

"दाजी, हलू नका!" सिद्धू ओरडला. "चाललं की इख चढतं!"

मी काही बोलायच्या आत त्यांनी मला उचललं आणि बाजेवर आडवं केलं. मामींनी नव्या साडीचा काठ फाडला आणि माझा दंड असा आवळला, असा आवळला, की अळीचा चटका मी विसरून गेलो. बोटं जांभळी झाली.

"डबा कुठंय?" सिद्धूनं विचारलं.

"हा काय. उघडून बघ की."

सगळे दहा पावलं मागं! सिद्धूनं काठीनं डबा उताणा केला, पुन्हा सरळ केला, मग कुणीतरी तार दिली. ती झाकणावरून गच्च आवळून, वरून दोन टॉवेल गुंडाळून डबा त्यानं काठीच्या टोकाला लटकवला.

"पिल्लू हाय म्हणं," मामी सगळ्यांना सांगत होत्या. "पिल्लाचं इख आईपरीस जहाल."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अरे थांबा! साप न्हाई रे! अळी हाय ती! अळी!"

आता तुम्हाला वाटेल, सुटलो. कुठलं हो! वंदनानं हंबरडाच फोडला.

"मघाशी नीट घोणस म्हणत होते. आता त्यांना अळी दिसाया लागली!"

"भ्रम हाय, ताई," सिद्धू म्हणाला. "पंख फुटत्यात म्हणाले न्हाई का?"

आता तुम्हीच सांगा, काय उत्तर देणार? पंख फुटतात हे तर खरंच आहे!

गावातली एकच जीप रिकामी होती आणि तिचा ड्रायव्हर बारशाचं जेवून कुठंतरी लवंडला होता. मग सासरे पुढं झाले. आमचे सासरे, म्हणजे मामा, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. कमी बोलणारा माणूस. त्यांनी टोपी नीट केली, सीटवर बसले आणि म्हणाले, "बसा. दवाखाना गाठू."

मी मागच्या सीटवर आडवा, डोकं वंदनाच्या मांडीवर. सिद्धू अगदी शेवटी, काठी जीपच्या बाहेर काढून, काठीला डबा. जीप निघाली ती वाऱ्यासारखी. आणि पहिला फाटा येताच थांबली.

"बाबा, काय झालं?" सिद्धू ओरडला.

"काय न्हाई. फाटा आला," मामा म्हणाले आणि पुन्हा निघाले.

दुसऱ्या फाट्यावर पुन्हा थांबले. आयुष्यभराची सवय, पाय आपोआप ब्रेकवर! तिथं तर एक बाई आणि तिचा नवरा भाजीचं गाठोडं घेऊन चढलेसुद्धा. बाईनं बसल्यावर विचारलं, "पाव्हणं आजारी हायती का?"

सिद्धू म्हणाला, "घोणस चावली. ही काय, डब्यात हाय."

दोघं चालत्या जीपमधून उतरले म्हणतात, मी नीट पाहिलं नाही. भाजीचं गाठोडं मात्र माझ्या पायापाशी राहिलं.

इकडं वंदना मला झोपू देईना. गालावर चापट्या, दंडाला चिमटे.

"माझं नाव सांगा."

"वंदना."

"मी कोण हाय तुमची?"

"बायको. अगं, मी शुद्धीवर हाय!"

"मग सांगा, डब्यात काय हाय?"

"अळी."

झालं! पुन्हा रडणं, पुन्हा चापट्या. असं तीन-चारदा झालं.  हसायची गोष्ट म्हणून सांगतोय, पण तिचा चेहरा बघून माझी सगळी गंमत पळाली. एवढी वर्षं संसार झाला, पण आपण गेलो तर ही अशी दिसेल हे मी कधी बघितलं नव्हतं. तिचं रडणं थांबावं म्हणून, खरंच सांगतो, फक्त तेवढ्यासाठी मी म्हणालो, "बरं बाई. घोणस हाय डब्यात."

"आले गं बाई शुद्धीवर!" तिनं माझं कपाळ कुरवाळलं. सिद्धूनं मागून सुस्कारा टाकला. मामांनी पुढचा फाटा न थांबता ओलांडला. सगळीकडं शांतता! म्हटलं, एका शब्दानं एवढं सुख मिळत असेल तर राहू दे की. दवाखान्यात डॉक्टरला सांगू खरं.

आता बघा माणसाची जीभ कशी दगा देते ती.

दवाखान्यात स्ट्रेचर, धावपळ, नर्सबाई सलाईनच्या तयारीत. एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. शांत, डोळ्यांवर चष्मा. माझ्यावर वाकून म्हणाल्या, "काका, काय चावलं?"

आणि वाटभर चापट्या खाऊन तयार झालेलं माझं तोंड आपोआप म्हणालं, "घोणस."

"सापाच्या लशीची तयारी ठेवा," डॉक्टर नर्सला म्हणाल्या. "रक्त गोठतंय का ते बघायला रक्त घ्या." सुई दिसली आणि मी ताडकन उठून बसलो.

"डॉक्टर, अळी! घोणस अळी!"

"बघा," वंदना डोळे पुसत म्हणाली, "पुन्हा सुरू झालं."

पण डॉक्टरांनी माझं मनगट उजेडात धरलं होतं. बराच वेळ बघत राहिल्या. दातांची खूण कुठंच नव्हती. होत्या त्या बारक्या बारक्या लाल पुटकुळ्या, ओळीत, एखाद्या छोट्या ब्रशनं टोचल्यासारख्या.

"साप कुणी बघितला?" त्यांनी विचारलं.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

"कुणीच नाही?"

"डब्यात हाय की," सिद्धूनं काठी पुढं केली. खोली अशी रिकामी झाली की विचारू नका! शेजारच्या खाटेवरचा पेशंट सलाईनच्या स्टँडसकट बाहेर गेला. डॉक्टरांनी हातमोजे घातले, तार सोडली, लांब चिमट्यानं झाकण उचललं. मामा दारात सिद्धूची काठी उगारून उभे.

डॉक्टर आत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "या. सगळे या बघायला."

डब्यात उसाच्या पानावर बसून ती पोपटी वडी शांतपणे पान खात होती. खालच्या बाजूला दोन-तीन घुगऱ्या चिकटलेल्या.

 मामांनी काठी हळूच भिंतीला टेकवली. वंदना बाकड्यावर बसली. मला वाटलं आता ही हसेल. ती हसली नाही. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "अळी हा शब्द फोनवर म्हणाया तुमाला कुणी पैसे मागत होतं का?"



डॉक्टरांनी आधी माझ्या दंडाला बांधलेला काठ सोडला. म्हणाल्या, "ही सूज अळीची कमी आणि साडीची जास्त आहे. आणि साप चावला तरी असं आवळायचं नसतं, बरं का." मामींचं नाव मी घेतलं नाही. मग डॉक्टरांनी साधी चिकटपट्टी आणवली. मनगटावर चिकटवायची, अलगद ओढायची. पुन्हा नवी चिकटवायची. प्रत्येक पट्टीवर कुसळासारखे बारीक काटे!

"हे पोकळ असतात," त्या म्हणाल्या. "आत विष. टेकलं की टोक मोडतं आणि विष कातडीत उतरतं. चोळलं तर आणखी आत जातात. म्हणून चोळायचं नाही. पट्टीनं काढायचे, धुवायचं, बर्फ लावायचा."

"म्हणजे ती चावलीच न्हाई?" सिद्धूनं विचारलं.

"चावत नाहीच ती. तिच्या तोंडाला तुमच्या दाजींत काही रस नाही. पक्ष्यानं गिळू नये म्हणून अंगावर काटे, बास. बहुतेकांची आग एक-दोन दिवसांत जाते. पण कुणाला दम लागला, तोंड सुजलं, चक्कर आली, तर मात्र पळत यायचं. तेव्हा अळी आहे म्हणून घरी बसायचं नाही."

मी सगळं विसरून विचारलं, "डॉक्टर, कोष करते तो कसा असतो?"

वंदनानं कपाळावर हात मारला. पण डॉक्टरांचे डोळे चमकले. "मीसुद्धा बघितला नाही हो. तुम्ही पाळणार असाल तर हात न लावता पाळा. टाकलेल्या कातीचे काटेसुद्धा टोचतात. आणि काय निघतं ते मला फोटो पाठवून कळवा." त्यांनी नंबर दिला.

म्हणजे बघा, आता तर सरकारमान्य झालं! अळी केजला आली. घरात नाही, वंदनानं उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. व्हरांड्यात काचेची बरणी, तोंडाला मच्छरदाणीचं कापड, वर रबर. म्हशीवाल्या शेजाऱ्याकडून मी रोज उसाचं ताजं वाढं, म्हणजे शेंड्याची हिरवी पानं, मागून आणायचो. काय खायची हो! डोकं तर दिसायचंच नाही, अंगाखाली लपवलेलं. नुसती पानाची कड मागं मागं सरकताना दिसायची. एक दिवस कात टाकली. मग खाणं बंद. रंग उतरला. आणि दुसऱ्या सकाळी बघतो तर दांड्याला चिकटून एक तपकिरी गोळा. बोराच्या बीएवढा, तसाच टणक. मी वाचलं होतं की आत जाण्याआधीच ती त्याला गोल झाकणाची रेघ आखून ठेवते, पतंगाला बाहेर पडता यावं म्हणून. आणि पतंगाला तर काटाही नसतो, विषही नसतं. खायला धड तोंडसुद्धा नाही! जोडीदार शोधायचा, पानांवर चपटी अंडी घालायची आणि संपलं आयुष्य. सगळी आग काय ती लहानपणात. आमच्या शाळेतल्या पोरांचं जरा उलटं असतं.

मग वाट बघणं सुरू झालं. सासरवाडीहून रोज फोन. मामी विचारायच्या, "फुटले का पंख?" डॉक्टर विचारायच्या. शिक्षकांच्या खोलीत पैजा लागल्या. आणि गंमत बघा, वंदनासुद्धा मी शाळेत असताना बरणीपाशी खुर्ची टाकून शेंगा सोलत बसायला लागली. विचारलं तर म्हणे, "व्हरांड्यात वारा चांगला येतो."

एका सकाळी दात घासत बरणीपाशी गेलो, तर आत एक माशी! घरात असते तशीच, जरा दांडगी, अंगावर राठ केस. कापडावर आपटत होती.

माझी तळपायाची आग मस्तकाला! एवढं जाळीचं कापड, एवढं रबर, आणि ही घुसली कुठून? कोषाला काही केलं म्हणजे? मी रबर काढलं, टॉवेल हलवला आणि तिला बजावलं, "बाई, चुकीच्या घरात शिरलीस. हे दुसऱ्याचं हाय." ती उडाली, नळावर बसली, पंख चोळले आणि गेली. मी रबराचे दोन वेढे वाढवले. मला स्वतःचाच अभिमान वाटला, काय राखण करतोय!

पुढं वाट बघतोय, बघतोय. पतंग काही येईना. दिवाळीची सुट्टी लागली. शेवटी मी कोषाचा अगदी जवळून फोटो काढला आणि डॉक्टरांना पाठवला. खाली लिहिलं: "अजून काही निघालं नाही. काय करावं?"

त्यांचा लगेच फोन आला.

"सर, कोषाचं टोक फुटलंय की! आत रिकामंय. यातून काहीतरी निघून गेलंय. मधे बरणीत काही दिसलं होतं का?"

"न्हाई हो, काही न्हाई. एकदा एक माशी शिरली होती. हाकलली मी तिला."

 मग डॉक्टर हसू दाबत बोलल्या. काही माश्या म्हणे जिवंत अळीवरच अंडं घालतात. आतलं पिल्लू अळीला आतून खात वाढतं. अळी बिचारी चरते, कात टाकते, कोषही करते, आणि त्यातून बाहेर येते ती माशी. असं डोळ्यांनी बघायला मिळणं फार दुर्मीळ. फोटो असता तर त्यांनी जपून ठेवला असता.

मी फोन ठेवला. वंदना शेजारीच होती, तिनं सगळं ऐकलं होतं. शेंग सोलायची थांबली, रिकाम्या बरणीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली,

"म्हणजे एवढे दिवस जिची वाट बघितली, ती आली तवा तुमी तिला तिच्याच घरातून हाकललं. वर पत्ता चुकला म्हणून झापलं बी!"